घनाची घडणी मुलीला कशी समजवायची? आणि पावसात कागदी घन टिकतो कसा?

वेळणेश्वरची_आई

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलाय पण नीट सांगितल्याशिवाय कळणार नाही म्हणून सगळंच लिहितेय. माझी मुलगी पाचवीत आहे, स्कॉलरशिपला बसवलीय, बाकी सगळं बरं चाललंय पण बुद्धिमत्तेच्या पेपरात घनाची घडणी आली की अडते. म्हणजे सहा चौकोन एकमेकांना चिकटून काढलेले असतात, कशावर गोल, कशावर त्रिकोण, कशावर फुली, आणि विचारतात की दुमडून घन केला तर फुलीच्या समोर काय येईल. क्लासमध्ये तिला एक नियम पाठ करून दिलाय, 'एक सोडून पुढचा तो समोरचा'. सरळ पट्टी असेल तर बरोबर येतं, पण जिन्यासारखी पायरी पायरीची घडणी आली की त्याच नियमाने उत्तर चुकतं, आणि का चुकतं ते तिला कळत नाही आणि खरं सांगायचं तर मलाही सांगता येत नाही. परवा रात्री रडायलाच लागली, म्हणे आई मला ते दिसतच नाही, सगळ्यांना दिसतं आणि मला दिसत नाही.

मग मी म्हटलं घन हातातच देऊया. व्हिडिओ बघून ते सोनोबे म्हणतात ना, सहा तुकडे एकमेकांत खोचून बिनगोंदाचा घन, तो करायला घेतला. पण इकडे पाऊस असा लागलाय की आठ दिवस ऊन नाही, वहीचा कागद हातात धरला तर फडक्यासारखा लुळा, घडी घातली की पाच मिनिटांनी परत उघडते. चार तुकडे जोडून होतात, पाचवा घालताना पहिला सुटतो. सहाव्यापर्यंत एकदाही पोचले नाही.

कुणाला मुलांना शिकवायचा अनुभव असेल तर सांगा. नियम नकोत, तिला दिसायला हवंय.

गुरुजी_राजापूर

ताई, मुलीला सांगा की जे दिसत नाही ते कुणालाच आपोआप दिसत नाही, ज्यांना दिसतं त्यांनी लहानपणी कधीतरी खोकी फाडलेली असतात. माझी जिल्हा परिषदेच्या शाळेत बरीच वर्षं झाली, घडणी फळ्यावर शिकवायला गेलो की वर्ग झोपतो, कात्री हातात दिली की सगळे जागे होतात.

उलटं सुरू करा. घडणीपासून घन नको, घनापासून घडणी. घरात चहाच्या मगचं खोकं असेल, साधारण घनासारखंच असतं, नसेल तर पुठ्ठ्याचे सहा सारखे चौकोन कापून चिकटपट्टीने घन करा. सहाही बाजूंवर तिला पाहिजे ते काढू दे, मासा, माड, होडी, काहीही. समोरासमोर काय आलं ते तिने आधी वहीत लिहून ठेवायचं. मग कात्री घेऊन कडा कापायच्या, एकेक, मोजत, आणि खोकं सपाट जमिनीवर पसरेपर्यंत कापायचं पण एकही चौकोन सुटा पडता कामा नये. कुठूनही सुरुवात करू दे, कशीही कापू दे, सपाट झालं की मोजायला सांगा किती कडा कापल्या. सात येतील. परत चिकटवा, दुसऱ्या पद्धतीने कापा, परत सात. माझ्या वर्गात एकदा एक पोरगा हट्टाला पेटला होता की सहात करून दाखवतो, दोन तास बसला होता.

कारण असं आहे की घनाला कडा बारा. सहा चौकोन एकसंध राहायला, कुठे गोल वेढा न होता, पाच सांधे लागतात, पाच मुलांच्या हाती हात धरलेल्या साखळीत जसे चार सांधे तसं. बारातून पाच गेले, उरले सात. दुसऱ्या बाजूनेही बघता येतं, कापलेल्या रेघा घनाच्या आठही कोपऱ्यांपर्यंत पोचल्याच पाहिजेत, एक जरी कोपरा न कापता राहिला तर तो सपाट होत नाही, टोपीसारखा उठून राहतो, आणि आठ कोपरे एकमेकांना जोडायला सात रेघा. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं, चौकोनांकडून मोजा नाहीतर कोपऱ्यांकडून, उत्तर एकच.

आता जिन्याच्या घडणीचं. 'एक सोडून' हा नियम फक्त एका ओळीत असलेल्या चौकोनांना लागतो, कारण ओळीतले चौकोन घनाभोवती पट्ट्यासारखे गुंडाळतात. दोन-दोन-दोनचा जिना असेल तर प्रत्येक पायरीला वळण येतं, तिथे दोन सोडून तिसरा समोर येतो. पहिल्यासमोर चौथा, दुसऱ्यासमोर पाचवा, तिसऱ्यासमोर सहावा. पण हे तिला सांगू नका! तिला खोकं वर्तमानपत्रावर लोळवायला द्या. तळाशी जी बाजू आहे तिच्याभोवती पेन्सिल फिरवून चौकोन काढायचा, आतलं चित्र लिहायचं, मग खोकं एका कडेवर पालथं करायचं, परत चौकोन, परत चित्र. उजवीकडे, वर, उजवीकडे, वर, उजवीकडे असं लोळवलं की कागदावर तोच जिना उमटतो आणि पहिल्या बाजूच्या समोरची बाजू चौथ्या वेळेला तळाशी येते हे ती स्वतःच्या हाताने बघते. एकदा हाताला कळलं की डोळ्याला कळायला वेळ लागत नाही.

मालवणचो_झील

ताई, तुमचो दोष नाय ह्या. कागद आणि तुकड्यांची दिशा, दोनच भानगडी आसत. बाकीचा सगळ्यांका समजाक व्हया म्हणून मराठीत लिहितंय.

आधी कागद. पावसाळ्यात कागद हवेतली ओल पितो, मग घडी धरत नाही. वहीचा कागद घेऊच नका. मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं घ्या, तो कागद गुळगुळीत आणि कडक असतो. चौकोन कापून झाले की मंद इस्त्री फिरवा, कागद गरम असतानाच घडी घाला आणि चमच्याच्या पाठीने दाबा, नखाने नको, नखाने कडा फाटते. झालेले तुकडे स्टीलच्या डब्यात झाकण लावून, वर दोन वह्या वजन म्हणून. आम्ही पापड जसे वाचवतो तसेच.

आता दिशा, आणि माझ्या मते तुमचा पाचवा तुकडा इथेच मार खातोय. कागद मधोमध दुमडून उघडला, दोन्ही बाजू कपाटाच्या दारांसारख्या मधल्या रेघेवर आणल्या, उभी पट्टी झाली. आता वरचा डावा कोपरा उजव्या कडेवर आणि खालचा उजवा कोपरा डाव्या कडेवर, म्हणजे तिरका चौकोन होतो. यात एखाद्या तुकड्याला चुकून वरचा उजवा कोपरा आधी घेतला की तो तुकडा आरशातला होतो. दिसायला अगदी तसाच, टेबलावर ठेवला तर फरक कळत नाही, पण त्याचे खिसे उलट्या बाजूला असतात आणि तो बाकीच्यांत जाणारच नाही, जबरदस्ती केली तर शेजारचा सुटतो. मी पहिल्यांदा केला तेव्हा सहातले दोन उलटे होते आणि मी तासभर कागदाला दोष देत होतो. सहाही तुकडे एकाखाली एक ठेवून बघा, सगळ्यांचा तिरकेपणा एकाच बाजूला झुकलेला पाहिजे.

जोडताना एक लक्षात ठेवा, प्रत्येक तुकड्याला दोन शेपट्या आणि दोन खिसे. मधला चौकोन म्हणजे घनाची एक बाजू. सहा तुकड्यांच्या शेपट्या बारा, आणि घनाच्या कडा पण बारा, म्हणजे प्रत्येक कडेवरून नेमकी एक शेपटी पलीकडे जाते. कुठल्या कडेवर दोन शेपट्या आल्या किंवा एकही नाही आली तर तिथेच चुकलंय असं समजायचं. आणि शेवटचा तुकडा घालताना दोन्ही शेपट्या एकदम खोचायला जाऊ नका, चारी बाजू थोड्या थोड्या आत सरकवत आणायच्या.

१५ सेंटीमीटरचा कागद घेतला तर घनाची कडा साधारण ५.३ सेंटीमीटर येते, त्या मापाने कागद कापा. असेच बारा तुकडे जोडले तर टोकंवाला चेंडू होतो, तीस जोडले तर आणखी मोठा, पण ते दिवाळीत, आकाशकंदिलाच्या वेळी.

पावसचा_बागायतदार

मला गणित फार येत नाही पण खोक्यांचं येतं, आंब्याच्या सीझनला दिवसाला किती पुठ्ठे उभे करतो त्याचा हिशोब नाही. खोकं येतं ते सपाटच येतं. आमच्याकडे कामाला नवीन मुलगा आला की पहिल्या दिवशी तो पुठ्ठ्याकडे बघत बसतो, कुठली बाजू कुठे जाणार कळत नाही, तिसऱ्या दिवशी न बघता उभं करतो आणि त्याला कुणी नियम सांगितलेला नसतो. गुरुजी म्हणतात तेच, हाताला कळतं.

ताई, मुलीला एक विचारा, कडा दुप्पट केली तर खोक्यात आंबे किती मावतील. माझ्याकडे शिकलेली माणसंसुद्धा दुप्पट म्हणतात. आठपट. आणि पुठ्ठा चौपट लागतो.

वेळणेश्वरची_आई

गुरुजी, झील, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. इस्त्री आणि कॅलेंडरने काम केलं, आणि झील तुमचं बरोबर निघालं, माझे सहातले एक नाही तर तीन तुकडे उलटे होते. तीन इकडचे तीन तिकडचे, कसा जुळणार होता! काल संध्याकाळी लाईट गेलेली, मेणबत्तीत बसून आम्ही दोघींनी सहावा तुकडा खोचला.

पण खरी मजा कात्रीने आली. मुलीने खोकं आठ वेळा चिकटवलं आणि कापलं, प्रत्येक वेळी जी घडणी आली ती वहीत काढून ठेवली, आणि आता तिला प्रश्न पडलाय की अशा घडण्या एकूण आहेत तरी किती. तिच्याकडे आठ झाल्यात. त्यातल्या दोन मला सारख्याच वाटतात, एक उलटी करून ठेवली की दुसरी. शिवाय तिने एक शोधलंय, प्रत्येक घडणीच्या बाहेरून दोरा फिरवला तर दोरा तेवढाच लागतो. हे खरं आहे का योगायोग?

गुरुजी_राजापूर

ताई, दोऱ्याचं वाचून मी खुर्चीतून उठलो. हे खरं आहे आणि हे तिने स्वतः शोधलंय, तिला सांगा की राजापूरच्या गुरुजींनी शाबासकी दिलीय. सात कडा कापल्या, प्रत्येक कापाला दोन काठ होतात, म्हणून घेर नेहमी १४ कडांचा. घडणीचा आकार कितीही वेडावाकडा असो.

आणि एकूण घडण्या ११, फिरवलेल्या आणि पालथ्या केलेल्या एकच धरून. म्हणजे तुम्हाला सारख्या वाटतात त्या दोन एकच आहेत, तिच्याकडे सात झाल्या, चार बाकी. त्या सांगत नाही, फक्त एवढं सांगतो की चार चौकोनांची लांब ओळ असलेल्या सहा आहेत, तीनची ओळ आणि बाजूला दोन आणि एक अशा तीन, आणि उरलेले दोन जिने, एक दोन-दोन-दोनचा, एक तीन-तीनचा. सहा चौकोन कडेला कडा लावून एकूण ३५ तऱ्हांनी मांडता येतात, त्यातल्या ११ च घन होतात. बाकीच्या का होत नाहीत ते तिला विचारा. पाच एका ओळीत आले तर पाचवा पहिल्यावरच जाऊन बसतो. चार चौकोन खिडकीच्या तावदानांसारखे एका बिंदूपाशी आले तरी होणार नाही, कारण घनाच्या कोपऱ्यात तीनच बाजू भेटतात, चौथीला जागाच नाही. परीक्षेत या दोन खुणा दिसल्या की पर्याय लगेच बाद करता येतो, आणि हा पाठ केलेला नियम नाही, समजलेला आहे, म्हणून विसरणार नाही.

चितारआळी_सावंतवाडी

आमच्या घरात तीन पिढ्या लाकडी खेळणी होतात, फळं, भाज्या, पाट, असं सगळं. लॉकडाऊनमध्ये काम नव्हतं तेव्हा मी एक कोडं करायला घेतलं, त्याला सोमा क्यूब म्हणतात, पिट हाइन नावाच्या डॅनिश माणसाने काढलेलं. सत्तावीस छोटे घन, ते चिकटवून सात वेडेवाकडे तुकडे, एक तीन घनांचा आणि सहा चार-चार घनांचे, आणि ते सात जोडून तीन बाय तीन बाय तीनचा मोठा घन करायचा. २४० वेगवेगळ्या पद्धतींनी होतो म्हणतात, मला आजपर्यंत नऊ सापडल्या.

करायला सोपं वाटतं पण कारागिराची परीक्षा आहे. सागाच्या उरलेल्या पट्टीचे पाऊण इंचाचे घन कापले, एकेक घन अर्धा मिलिमीटर जास्त राहिला होता, हाताला कळत पण नाही इतका, पण तीन एका रांगेत ठेवले की दीड मिलिमीटर, आणि मोठा घन जुळवताना शेवटचा तुकडा आत जाईना. सगळे परत पॉलिश पेपरवर घासले. काचेवर पेपर ठेवून घासायचं, हातात धरून घासलं तर कडा गोल होतात.

ताईंच्या मुलीला यातून एक कोडं देतो. मोठा घन बाहेरून लाल रंगवला आणि मग सुटा केला, तर सत्तावीसपैकी किती तुकड्यांना तीन बाजूंनी रंग, किती दोन, किती एक, आणि किती कोरे? मी रंगवूनच बघितलं होतं. आठ, बारा, सहा, एक.

गुरुजी_राजापूर

दादा, हे आकडे ओळखीचे वाटतात का बघा. आठ कोपरे, बारा कडा, सहा बाजू, आणि आत एक. घनाचीच मोजदाद आहे ती. चार बाय चार बाय चारचा केलात तर आठ, चोवीस, चोवीस, आठ, म्हणजे चौसष्ट. आठवीला (a+b)³ चं सूत्र शिकवतो तेव्हा मी हेच लाकूड टेबलावर ठेवतो, सूत्रातल्या प्रत्येक पदाचा तुकडा मुलांना हातात घेता येतो. तुमच्याकडून एक संच शाळेसाठी विकत घ्यायचाय, निरोप पाठवतो.

दापोलीचा_ड्राफ्ट्समन

बागायतदारांच्या आठपटीवरून राहवलं नाही म्हणून लिहितो. खोकं नेमकं दुप्पट मावेल असं पाहिजे असेल तर कडा किती वाढवायची? साधारण १.२६ पट, बरोब्बर म्हटलं तर दोनाचं घनमूळ. आता हे घनमूळ पट्टी आणि कंपासने काढता येत नाही, ग्रीकांनी जंग जंग पछाडलं आणि शेवटी १८३७ मध्ये वान्त्सेल या फ्रेंच गणितज्ञाने सिद्धच केलं की ते अशक्य आहे. पण कागदाच्या घडीने येतं! मी आयुष्यभर ड्रॉइंग बोर्डवर काम केलं, कंपासने जे होत नाही ते एका घडीत होतं हे वाचलं तेव्हा विश्वास बसला नाही, म्हणून स्वतः केलं.

वीस सेंटीमीटरचा चौकोनी कागद घ्या. आडव्या घड्या घालून तीन सारखे भाग करा, म्हणजे दोन आडव्या रेघा मिळतील. उजव्या कडेवर खालची रेघ जिथे टेकते तिथे पेनाने ठिपका द्या. आता खालचा उजवा कोपरा उचलून डाव्या कडेवर न्यायचा, पण कुठेही नाही, असा सरकवत की तो ठिपका त्याच वेळी वरच्या रेघेवर येऊन बसला पाहिजे. कोपरा डाव्या कडेवर आणि ठिपका वरच्या रेघेवर, दोन्ही एकदम. जमलं की घडी दाबा आणि कोपरा डाव्या कडेला जिथे लागला तिथे खूण करा. खुणेखालचा भाग माझा ८.८५ सेंटीमीटर आला आणि वरचा ११.१५. भागून बघा, १.२६. १९८६ साली पीटर मेसर यांनी ही रीत दिली.

खालच्या भागाएवढ्या कडेचा एक पुठ्ठ्याचा घन करा, वरच्या भागाएवढ्या कडेचा दुसरा, आणि तांदूळ भरा. छोटा दोनदा ओतला की मोठा भरतो. आणि घड्यांची भूमिती म्हणजे फक्त जपानची असं समजू नका, मद्रासच्या टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्येच कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं अख्खं पुस्तक काढलं होतं.

गुरुजी_राजापूर

ताई, आणखी एक द्या मुलीला, यात कागद नाही म्हणून पावसाचा त्रास नाही. माडाच्या झावळीचे हीर घ्या, जाड बाजूचे, दहा सेंटीमीटरचे बारा तुकडे, आणि सायकलच्या दुकानातून वॉल्व ट्यूब आणून कोपऱ्यांना जोड करा. अरविंद गुप्तांनी काडेपेटीच्या काड्या आणि ही ट्यूब घेऊन केलेली खेळणी बघितली असतीलच, तीच कल्पना. घन झाला की टेबलावर उभा करायला सांगा, आणि काय होतं ते इथे लिहा.

वेळणेश्वरची_आई

उशीर झाला लिहायला, मध्ये दोन दिवस नेट नव्हतं. अकरा घडण्या पूर्ण झाल्या! शेवटची तीन-तीनचा जिना, ती तिने खोकं न कापता आधी वहीत काढली आणि मग कापून ताडून बघितली. पेपरातले घडणीचे वीस प्रश्न दिले होते, एकोणीस बरोबर, आणि विसाव्यात पुस्तकातलं उत्तरच चुकीचं आहे असं तिचं म्हणणं आहे, खोकं करून दाखवलं, मला पटलं.

गुरुजी, हिरांचा घन उभाच राहिला नाही. हात सोडला की एका बाजूला कलंडून सपाट. तिला वाटलं जोड सैल आहेत म्हणून दोऱ्याने बांधले, तरी तेच. मग एका बाजूला तिरका हीर बांधला, कर्णाचा, तो १४.१ सेंटीमीटरचा लागला, तर ती बाजू ताठ झाली पण बाकीच्या डुलत होत्या. असं करत करत सहाही बाजूंना एकेक तिरका हीर बांधल्यावर घन हलायचा थांबला, आता त्यावर वाटी ठेवली तरी उभा आहे. चौकोन झुकतो आणि त्रिकोण झुकत नाही हे माझ्या वडिलांना कौलांच्या छपराची कैची करताना बघितलं होतं, पण घनाला सहा लागतील हे कधी सुचलं नव्हतं.

आणि मग तिला दिसलं (हो, दिसलं!) की ते सहा तिरके हीर मिळून आत आणखी एक आकार झालाय, चार कोपरे, चार त्रिकोण. ती म्हणे आई, घनाच्या आत पिरॅमिड आहे. मी पुठ्ठ्याचा तसाच एक करून दिला, एका टोकाला उघडा, आणि दहा सेंटीमीटरचं खोकं, लिटरभराचं. तांदूळ भरून ओतला तर तीन वेळात खोकं काठोकाठ. तीनदा परत परत करून बघितलं, तीनच.

आता ती विचारतेय की आतला आकार एक तृतीयांश असेल तर बाहेर उरलेले चार कोपरे मिळून दोन तृतीयांश, म्हणजे एकेक कोपरा किती, आणि ते चार सुटे करून परत जोडले तर काय होईल. उद्या रविवार आहे, पुठ्ठा कापून ठेवलाय.

गुरुजी_राजापूर

एकेक कोपरा सहावा हिस्सा, हे तिने काढलंच असेल. जोडून काय होतं ते मी सांगत नाही ताई. चार कोपरे सपाट तळावर ठेवून, घनाचा कोपरा होता ती टोकं एकत्र आणायला सांगा, आणि फोटो टाका.